तुमचा मंगळवार सांगा

फॉर्मवरच्या दुसऱ्या प्रश्नापुढे तिने ‘एक’ असं लिहिलं होतं. लिहिताना हात कुठे अडला नव्हता. घर कितव्या मजल्यावर, तर तिसऱ्या, लिफ्ट आहे. घरात एकूण माणसं किती, तर एक. मग कुत्र्याला रोज किती तास एकटं राहावं लागेल, कुणाला केसांचा त्रास होतो का, पूर्वी कुत्रा पाळला होता का, असं सगळं तिने सरळ भरत नेलं. जनावरांच्या डॉक्टरीणबाई फॉर्म वाचताना प्रत्येक ओळीवरून बोट फिरवत होत्या. त्या बोटाला चिकटपट्टी होती. खोलीत औषधाचा आणि ओल्या केसांचा वास होता, आणि भिंतीवर कुत्र्यांच्या जातींचा एक मोठा तक्ता होता, शाळेत नकाशा असतो तसा. बसल्यापासून ती त्या तक्त्याकडेच बघत होती. बोट थांबलं, तेव्हा तिला वाटलं, आता बाई जात सांगणार.

“एकट्याच राहता. कामावर आठ तास, जाण्यायेण्याचा एक, म्हणजे नऊ. स्पष्ट सांगू का? घेऊ नका. नऊ तास बंद घरात कुठलीच जात सुखाने राहत नाही. सोफा तरी फाडेल, नाहीतर स्वतःचे पंजे चावत बसेल.”

“एकटं नाही राहणार ते,” ती म्हणाली. “सासरे असतात ना घरी. दिवसभर असतात.”

बाईंनी फॉर्म फिरवून तिच्यापुढे धरला आणि चिकटपट्टीचं बोट त्या आकड्यावर ठेवलं. “मग हे?”

अक्षर तिचंच होतं. एकाचा आकडा चांगला ठसठशीत, खालचं टोक जरा लांब ओढलेला. ती म्हणाली, चुकून झालं. बाई म्हणाल्या, होतं असं, लोक स्वतःचं वयसुद्धा चुकवतात. मग त्यांनी तक्त्याकडे मान वळवून सांगितलं की फोटो बघून कुत्रा घेणारे सहा महिन्यांत परत आणून देतात. कुत्रा आपला दिवस बघून घ्यायचा असतो. आणि दिवसभर सासरे घरात असणार असतील, तर कुत्रा खरं म्हणजे त्यांच्या सोबतीने राहणार. “त्यांना घेऊन या पुढच्या शनिवारी. फॉर्म नीट भरून आणा.”

बस आली होती, पण ती चढली नाही, चालत निघाली. चूक म्हणजे कशी चूक, हे तिला नीट बघायचं होतं. दातांच्या कवळ्या बनवण्याच्या कामात तिची सव्वीस वर्षं गेली होती, आणि चुका ती ओळखून होती. मेण जास्त तापलं तर होणारी चूक वेगळी, प्लास्टरमध्ये बुडबुडा राहिला तर होणारी वेगळी, आणि साचा बरोबर असून हात भलतीकडे गेला तर होणारी आणखी वेगळी. ही कुठली? नवरा गेला त्या वर्षी तिने कितीतरी फॉर्म भरले होते. बँकेचा, विम्याचा, घराच्या नावाचा. प्रत्येकावर कुटुंबातल्या माणसांचा रकाना होता. एके काळी त्या रकान्यात चार होते. सासूबाई गेल्या तेव्हा तीन झाले. मग एका गुरुवारी तो ऑफिसात खुर्चीत बसल्या बसल्या गेला, शेहेचाळिसाव्या वर्षी, हातात पेन असताना, आणि दोन झाले. तेव्हा, डोळ्यांपुढे अंधार असतानाही, तिने दोन हा आकडा एकदाही चुकवला नव्हता. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे हिशेब सोपा होता. आणि आता सहा वर्षांनी, भर दुपारी, डोकं शांत असताना, एक.

सिग्नलपाशी उभी असताना तिला कळलं की चूक वगैरे काही नव्हती. कुत्रं बारा वर्षं जगतं, असं तिने कुठेतरी वाचलं होतं. सासरे अठ्ठ्याहत्तर. बारा मिळवले की नव्वद. ही बेरीज तिने कधी बसून केली नव्हती, पण ती झालेली होती. एवढंच नाही, कुत्र्याची गादी कुठे टाकायची हेही मनात कधीच ठरून गेलं होतं. पूर्वेच्या खिडकीखाली, जिथे सकाळचं ऊन येतं. पूर्वेची खिडकी सासऱ्यांच्या खोलीत होती. तिच्या कानशिलांशी एकदम गरम झालं. मागून कुणीतरी “अहो, चला ना,” म्हणालं, आणि ती रस्ता ओलांडून पलीकडे गेली.

कुत्र्याचं वेड तिला दोन वर्षांपूर्वी लागलं. कामाच्या जागी प्लास्टरच्या खोलीची खिडकी एका मोकळ्या पटांगणावर उघडत असे. दुपारच्या सुट्टीत तिथे कुत्री घेऊन लोक येत. त्यांत एक उंच बाई होती, तिच्याच वयाची. आपल्या कुत्र्याला सोडून ती पट्टा स्वतःच्या गळ्यात टाकायची, दोन्ही हात कोटाच्या खिशात घालायची आणि कुठेच न बघता उभी राहायची. कुत्रा लांब, तपकिरी, वाऱ्यासारखा पळणारा. पण खरं सांगायचं तर खिडकीतून ती कुत्र्याला बघतच नव्हती. ती त्या बाईचे खिशातले हात बघायची. कुणाची औषधं नाहीत, कुणाचा चष्मा शोधायचा नाही, कुणाला ‘काय करू जेवायला’ विचारायचं नाही. मग घरी येऊन ती कुत्र्यांच्या जातींबद्दल वाचू लागली. आपल्या राहणीला कुठला कुत्रा साजेल, असं त्या लेखांचं नाव असे. तिचं उलटंच चाललं होतं. कुत्रा तिने दोन वर्षांपूर्वीच निवडला होता. त्याला साजेल अशी राहणी ती शोधत होती. आणि त्या राहणीत माणसं किती, तर एक.

घरी आली तेव्हा सासरे खुर्चीत बसून होते, घरातला ढगळ सदरा, पायात सपाता. वजनमाप खात्यात निरीक्षक म्हणून नोकरी केलेला माणूस. दुकानादुकानांतून तराजू तपासण्यात उमेदीची वर्षं गेली. अजून भाजीवाल्याच्या काट्याकडे बघितल्याशिवाय पिशवी पुढे करत नसत. तिने त्यांच्यासाठी आजवर तीन कवळ्या बनवल्या होत्या. त्यांच्या जबड्याचा साचा तिच्या कपाटात होता, आणि दर वेळी नवा साचा काढला की हिरड्या किती झिजल्या ते तिला जुन्या साच्याशेजारी ठेवून दिसायचं. नवऱ्याचा असा कुठलाच साचा तिच्यापाशी नव्हता. ज्या माणसाचं तोंड तिला मिलिमीटरने माहीत होतं, तो हा होता.

“काय म्हणाली डॉक्टरीण?”

“तुम्हालाही बोलावलंय. पुढच्या शनिवारी.”

“मला कशाला? मला काय झालंय?” स्वतःच्या विनोदावर ते थोडे हसले. “तुझी हौस आहे, तू बघ. मी आपला बाजूला.”

तिने पर्स टेबलावर ठेवली, फॉर्म काढला, उभ्या उभ्याच त्या एकावर रेघ मारून शेजारी दोन लिहिले, आणि चहा टाकायला आत गेली. पाणी उकळेपर्यंत ओट्याला टेकून उभी राहिली. बाहेर कागदाचा आवाज झाला, मग चष्म्याच्या डबीचा. ती बाहेर गेली नाही. जाऊन कागद काढून घेतला असता तर ते अधिक वाईट दिसलं असतं. चहा उतू जायच्या बेतात आला तेव्हा तिने गॅस बंद केला आणि दोन कप घेऊन आली. फॉर्म त्यांच्या मांडीवर होता.

“इथे खोडलं आहेस,” ते म्हणाले.

“हो.”

“खाडाखोड केली की बाजूला सही करायची असते. नाहीतर ग्राह्य धरत नाहीत.”

त्यांनी पेन पुढे केलं. तिने कप खाली ठेवला आणि त्या खोडलेल्या एकाच्या शेजारी सही केली, पूर्ण नाव घालून, आडनावासकट. ते आडनाव त्यांचंच होतं. चहा चांगला झालाय, असं ते म्हणाले. त्या आठवड्यात त्यांनी तो विषय काढला नाही, आणि तिनेही काढला नाही. पण ती रात्रीचं अन्न वाढताना, गोळ्या काढून देताना, त्यांच्या वाळत घातलेल्या बनियनला क्लिप लावताना स्वतःच्या हातांकडे बघत राहिली. हात पूर्वीसारखेच काम करत होते. हातांना काही माहीत नव्हतं.

शनिवारी ते इस्त्रीचा सदरा घालून, काठी घेऊन आले. डॉक्टरीणबाईंनी फॉर्म घेतला, खोडलेल्या जागेवर क्षणभर थांबल्या, आणि फॉर्म बाजूला ठेवून दिला. “हे राहू दे. मी सगळ्यांना एकच विचारते. तुमचा मंगळवार सांगा. कालचा दिवस नको, सुट्टीचा नको. साधा मंगळवार. सकाळी उठल्यापासून.”

आधी तिने सांगितला. सहाला उठते. डबे. आंघोळ. सव्वानऊला बाहेर. बस. मग मेण, दात बसवणं, घासणं, दुपारी खिडकीपाशी डबा, परत घासणं. साडेसहाला घरी. स्वयंपाक, भांडी, थोडा टीव्ही. बोलताना तिला जाणवलं की हा मंगळवार सांगायला अर्धं मिनिटही लागलं नाही. बाईंनी काहीतरी टिपून घेतलं आणि सासऱ्यांकडे पाहिलं.

“माझं काय, मी घरीच,” ते म्हणाले.

“घरी म्हणजे? सांगा ना.”

त्यांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. साक्षीला उभ्या राहिलेल्या माणसासारखे ते ताठ बसले, आणि बहुधा नोकरीतली सवय उसळून आली, कारण ते एकदम खरं बोलू लागले. “सव्वानऊला ही जाते. साडेनऊला मी जातो.”

“कुठे?” हा प्रश्न तिने विचारला, बाईंनी नाही.

“बस डेपोत. तिथे बाक आहेत. गाड्या वेळेवर सुटतात का ते बघतो. एक वाजता घरी येऊन डबा खातो, परत जातो. साडेपाचला येतो. कपडे बदलतो.”

“रोज?”

“शनिवार-रविवार सोडून. तेव्हा तू असतेस.”

“कपडे का बदलता पण?” बाईंनी लिहिता लिहिता विचारलं.

“ही येते तेव्हा मी घरात असलेलो बरा दिसतो. म्हातारा माणूस गावभर फिरतो म्हटल्यावर हिला कामात घोर लागेल.” मग म्हणाले, “बंद घरात फ्रिजचा आवाज येतो. तो थांबला की जास्त त्रास होतो.”

तिला ती ढगळ सदऱ्यातली खुर्चीतली आकृती आठवली, सहा वर्षांतली रोजची. काय केलंत दिवसभर, असं ती पायातल्या चपला काढता काढता विचारायची, आणि काय करणार, बसलो होतो, असं उत्तर यायचं, आणि तिला त्यांची दया यायची. त्या दयेच्या ओझ्याखाली तिने किती संध्याकाळी काढल्या होत्या. आणि हा माणूस रोज सात तास बाहेर होता. त्याला डेपोतले लोक ओळखत असतील. चहा आणून देत असतील. त्याचं एक सबंध आयुष्य होतं, आणि ते तो तिच्या येण्याच्या एक तास आधी खुंटीवर टांगून ठेवत होता. तिला राग आला. मग हसू आलं. यातलं आधी काय आलं ते तिला नंतरही ठरवता आलं नाही.

“तुम्हाला कुत्रा हवाय का?” बाईंनी त्यांना विचारलं.

“मला नको. हिला हवाय. धावणारा, मोठा. मी वाचलंय हिच्या कागदांत. आणि मी मध्ये येतोय. माझ्या मुलीशी मी बोललोय. तिच्याकडे तळमजला आहे. मी तिकडे गेलो की हिला पाहिजे तो घेता येईल.”

“बाबा, हे इथे कशाला?”

“दिवस विचारला म्हणून सांगितलं.”

डॉक्टरीणबाईंनी पेन बंद केलं. “मी कुत्र्यांची डॉक्टर आहे,” त्या म्हणाल्या. “बाहेर बाक आहे. दहा मिनिटं बसून या.”

बाकावर एक माणूस मांजराची टोपली घेऊन बसला होता. त्याला आत बोलावल्यावर ते दोघंच उरले. सासरे काठीने फरशीवरचं एक पान बाजूला सारत होते. ती म्हणाली, “मी एक लिहिलं. चुकून नाही. माझ्या मनातच तसं होतं.”

“माहीत आहे.”

“मला तुम्ही नको असं नाहीये.”

“तेही माहीत आहे. अगं, मी चाळीस वर्षं काटे बघितले. काटा खोटं बोलत नाही, काट्याखाली बोट लावणारा बोलतो. तू बोट लावलं नाहीस, एवढंच.” मग पान सोडून ते रस्त्याकडे बघू लागले. “माझ्याही मनात येतं. पोरगा गेला तेव्हा लेक म्हणाली, चला. मी म्हटलं, हिला सोबत नको का? तेव्हा ते खरं होतं. आता कधी कधी वाटतं, जावं. तिथे बाग आहे. सकाळी कुणी नळ सोडून डबे करत नाही, सातपर्यंत झोपता येतं. मग वाटतं, हिला काय वाटेल. म्हणून राहतो. कधी राहावंसं वाटतं म्हणून राहतो, कधी हिला काय वाटेल म्हणून. सगळे दिवस एका मापाचे नसतात.”

आपण सहा वर्षं यांना सांभाळतोय, असं तिने धरलं होतं. तेही बहुधा तेच धरून होते. दोघंही एकाच दोरीची दोन टोकं धरून बसलेले, आणि ती सुटली तर दुसरा पडेल म्हणून कुणी सोडत नाही. पण हे असं वाटल्यावर तिला काही फार मोठं उमगल्यासारखंही झालं नाही. तिला फक्त हलकं वाटलं, घट्ट बसणारी कवळी काढून ठेवल्यावर माणसं सांगतात तसं.

“जायचं तर जा,” ती म्हणाली. “खरंच. पण कुत्र्यासाठी जाऊ नका. आणि राहायचं तर माझ्यासाठी राहू नका.”

“मग कशासाठी राहू?”

“डेपो आहे ना.”

ते हसले. खालची कवळी किंचित हलली; ते तिने लगेच टिपलं. दुरुस्त करायला हवी होती.

आत गेल्यावर बाईंनी तक्त्यावर बोट फिरवलं. लॅब्रॅडॉर ओढतो, काठी धरणाऱ्या माणसाला पाडेल. बीगल वासामागे जातो, हाका मारल्या तरी ऐकत नाही. पग धावणार नाही, तिला उपयोगाचा नाही. “राहण्या दोन आणि कुत्रा एक,” त्या म्हणाल्या, “म्हणजे कुणाची तरी ओढाताण व्हायचीच.” मग बोट तक्त्याच्या खालच्या कोपऱ्यात गेलं. ग्रेहाउंड. सासरे म्हणाले, हा तर शर्यतीचा. बाई म्हणाल्या, दिसतो धावणारा, असतो झोपाळू. दिवसातून एकदा जीव तोडून पळतो, बाकी अठरा तास लोळतो. पट्ट्याला धरून इतका सावकाश चालतो की म्हाताऱ्या माणसाला वाटावं, हा आपल्यासाठी थांबतोय. एक कुत्री होती त्यांच्या माहितीची, चार वर्षांची, शर्यतीतून काढलेली. घर असं तिने कधी पाहिलंच नव्हतं.

पुढच्या शनिवारी ती कुत्री आली. राखाडी, इतकी बारीक की बरगड्या मोजता याव्यात. दवाखान्यातल्या काट्यावर तिला उभी केली तेव्हा सासरे वाकून आकड्याकडे बघत म्हणाले की काटा दोनशे ग्रॅम पुढे आहे, आणि बाईंनी कंपाउंडरला बोलावून तो शून्यावर आणायला लावला. लिफ्टमध्ये ती कुत्री थरथरत उभी राहिली. घरात आल्यावर ती खिडकीच्या काचेवर जाऊन आपटली, कारण काच म्हणजे काय हे तिला माहीत नव्हतं. आरशाला घाबरली. टीव्हीतल्या माणसांच्या मागे काय आहे ते बघायला टीव्हीच्या पाठीमागे गेली. मग सोफ्यावर चढून चारी पाय वर करून झोपली ती दुसऱ्या दिवशीच्या सकाळपर्यंत. सासरे तिला बाईसाहेब म्हणू लागले. ती कुणालाच खास चिकटली नाही. दोघांकडेही सारख्याच भिडस्तपणे बघायची, परक्या घरी आलेल्या माणसासारखी. याचं सुनेला सुरुवातीला थोडं वाईट वाटलं. मग वाटेनासं झालं.

सासरे आता साडेनऊला बाईसाहेबांना घेऊन उघडपणे डेपोत जात. संध्याकाळी सहा चाळीसला सून तिला पट्टा अडकवून बाहेर पडे. पहिले काही दिवस ती चौकापर्यंत जाऊन परत येई. मग पुलापर्यंत. तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी ती पुलाच्या पलीकडे गेली, जिथे कारखान्याची जुनी मोकळी जागा होती, चारी बाजूंनी जाळी लावलेली. आत जाऊन तिने फाटक लावलं आणि पट्टा सोडला. कुत्री क्षणभर उभी राहिली, कान मागे गेले, आणि मग ती सुटली. ती इतकी वेगात गेली की पाय दिसेनात. मातीत फक्त आवाज राहिला, ठोक्यासारखा, आणि तो जाळीला वळसा घालून परत येत होता. तिचे हात कधी खिशात गेले ते तिला कळलं नाही. उजेड अजून होता. घाई वाटत नव्हती. घरी कुणीतरी आहे, हे आठवत होतं, आणि त्यात बोचण्यासारखं काही नव्हतं. तिने फोन काढला.

“बाबा, मी पुलापलीकडे आहे. आणखी तासभर तरी लागेल.”

“बरं.”

“तुम्ही जेवून घ्या. माझ्यासाठी थांबू नका.”

सहा वर्षांत असं ती कधी म्हणाली नव्हती. त्यांना एकट्याने जेवायला नको वाटेल, म्हणून ती काम टाकून पळत येत असे.

“थांबू नको म्हणतेस?”

“नका थांबू.”

“बरं झालं बाई,” ते म्हणाले. “मला रोज सातलाच भूक लागते.”

आणि त्यांनी फोन ठेवून दिला.